वजन किती, जोर किती?

पनवेलचे नाव आज काढले की माणसाला विमानतळ आठवतो. सव्वाशे वर्षांपूर्वी काढले असते तर गाडीचे चाक आठवले असते. १८३० साली बोरघाटातून गाड्या जाण्याजोगा रस्ता झाला. देशावरच्या गाड्या माल घेऊन पनवेल बंदरात उतरू लागल्या. परत जाताना बहुतेक गाड्या पनवेलच्या सुतारांनी केलेल्या चाकांची एक जोडी बरोबर नेत, असे जुन्या इंग्रजी गॅझेटियरात नमूद आहे. चाके करणे हा त्या वेळी गावचा मुख्य धंदाच होता.

असा एखादा सुतार गिऱ्हाइकाला पहिल्याने काय विचारत असेल? रंग कोणता हवा, हे खासच नव्हे. गाडीवर वजन किती घालणार आणि ओढणारी जोडी कसली आहे, हे दोन प्रश्न तो आधी विचारणार. तुंबा केवढा धरायचा, आरे किती जाड ठेवायचे, धाव किती रुंद चढवायची, हे सारे त्या दोन उत्तरांवर ठरते. चाक जाडजूड केले तर ते मोडणार नाही, पण बैल थकतील. बारीक केले तर बैल खूश, पण घाटाच्या वळणावर चाक बसेल. चांगले चाक या दोहोंच्या मध्ये कुठेतरी असते, आणि ते नेमके कुठे असते हे हाताला कळायला निम्मे आयुष्य जाते.

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे तिचेही सारे मर्म याच दोन प्रश्नांत आहे. ही वस्तू म्हणजे बिनतारी संदेशाने चालवायची मोठी नमुना-विमाने. नमुना म्हटल्यावर पुष्कळांना मुठीत मावणारे खेळणे आठवेल. तसे ते नव्हे. अमेरिकेत १९८० साली इंटरनॅशनल मिनिएचर एअरक्राफ्ट असोसिएशन नावाची संस्था निघाली. तिने असे ठरवले की पंखांची एक जोडी असेल तर टोकापासून टोकापर्यंत निदान ८० इंच, म्हणजे दोन मीटरांहून थोडे अधिक. दोन जोड्या असतील तर निदान ६० इंच. किंवा मग खऱ्या विमानाच्या चौथाईहून लहान नाही, असेच विमान ‘मोठे’ म्हणावे. अशा विमानात माणूस बसत नाही, एवढेच. बाकी त्याला पेट्रोल लागते, धावपट्टी लागते, वारा पाहावा लागतो, आणि ते कोसळले तर माणूस दगावू शकतो.

शेतकऱ्याला किंवा गावच्या शिक्षकाला याचे काय, असे कोणी म्हणेल. एक तर एन. सी. सी. च्या हवाई शाखेतली मुले विमानाचे नमुने करतात. दुसरे, पिकावर औषध फवारणारे ड्रोन आता बांधावर आले आहेत आणि त्यांचेही गणित वजनाचेच आहे. तिसरे कारण माझ्या दृष्टीने सर्वांत मोठे. मुंबईच्या चौपाटीवर १८९५ साली विमान उडाले, अशी एक गोष्ट आपल्या शाळांतून सांगितली जाते. पनवेलकडच्या एका गुरुजींनी मला सरळच विचारले होते, ‘मुलांना काय सांगू? खरे की खोटे?’ त्यांना द्यायचे उत्तर या नमुना-विमानांच्या इतिहासातूनच निघते. म्हणून आधी तो इतिहास, आणि त्याच्याही आधी थोडे गणित.

ध्वनिक्षेपकापुढे फळा नसतो, तेव्हा आकडे मनातच धरावे लागतील. एक हात लांब, एक हात रुंद, एक हात उंच असे खोके घ्या. दुसरे खोके चार हातांचे. मोठ्या खोक्याला वरून कागद चिकटवायचा तर सोळा पट लागेल. पण त्यात धान्य मात्र चौसष्ट पट मावेल. कागद म्हणजे पंखांचे क्षेत्रफळ, आणि धान्य म्हणजे वजन. विमान मोठे करीत गेलात की वजन पंखांच्या पुढे धावते. लहान करीत आलात की वजन झपाट्याने मागे पडते.

आता हे एका खऱ्या विमानाला लावून पाहू. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन मुंबईच्या जुहू विमानतळावर उतरले. त्यांचे विमान होते डी हॅविलंड कंपनीचे ‘पस मॉथ’. त्या जातीच्या विमानाचे पंख ११.२० मीटर, भरलेले वजन सुमारे ९३० किलो, पंखांचे क्षेत्रफळ सुमारे २०.६ चौरस मीटर आणि इंजिन १२० अश्वशक्तीच्या घरातले. याची चौथाई प्रतिकृती करायची म्हटली तर पंख २.८० मीटर झाले. सारी अंगे त्याच प्रमाणात राखली तर वजन चौसष्टावा भाग, म्हणजे साडेचौदा किलो. आपल्या सोलापूरकडच्या माळढोकाचा थोराड नर साधारण एवढाच भरतो, आणि उडणाऱ्या पक्ष्यांत तो फार जड समजला जातो.

खऱ्या पस मॉथच्या पंखांवर दर चौरस मीटरला ४५ किलो भार पडतो. प्रतिकृतीच्या पंखांवर पडतो अकरा किलोंच्या आसपास, म्हणजे चौथाई. पंखांची उचल वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट तर उचल चौपट. तेव्हा चौथाई भाराच्या विमानाला निम्मा वेग पुरतो. चौसष्टावा भाग वजन निम्म्या वेगाने न्यायचे, म्हणजे जोर एकशे अठ्ठाविसावा भाग. १२० अश्वशक्तीचा एकशे अठ्ठाविसावा भाग एक अश्वशक्तीहूनही कमीच भरतो! ऐकणाऱ्याला खरे वाटत नाही, पण हिशेब तसाच आहे.

प्रत्यक्षात एवढ्या विमानाला कोणी एक अश्वशक्तीचे इंजिन लावीत नाही, तीन-चार लावतात. लहान पंखा मोठ्या पंख्याइतक्या काटकसरीने हवा ढकलत नाही. गवताच्या धावपट्टीवरून उचलायचे असते. वाऱ्याचा झोत आला तर हाताशी शिल्लक हवी. इथपर्यंत ठीक. पण नवशिक्याचा पाय घसरतो तो इथेच. थोडे जास्त जोराचे इंजिन घ्यावे, असे त्याला वाटते. ते इंजिन जड, म्हणून त्याची बैठक जाड. बैठक जाड म्हणून अंगाचा सांगाडा भक्कम, म्हणून चाके दणकट, पेट्रोलची टाकी मोठी. शेवटी तराजूवर ठेवले तर वाढलेला सगळा जोर वाढलेल्या वजनानेच खाल्लेला असतो. कर्ज फेडण्यासाठी कर्ज काढण्याचा हा प्रकार. ज्यांचा हात बसला आहे ती मंडळी उलटे करतात. ती आधी शेपटीतले वजन काढतात. शेपटीकडचे दहा ग्रॅम वाचले तर नाकाकडचे तीस-चाळीस वाचतात, कारण शेपटी लांब असते आणि नाक आखूड. बाल्सा नावाचे लाकूड याच कामासाठी जगभर वापरतात. बाशिंगाचे भेंड ज्याने हातात घेतले आहे त्याला त्या हलकेपणाची कल्पना येईल.

तोल हा शब्द आलाच आहे तर गाडीवानाचे दोन शब्द आठवतात. भार पुढे आला की गाडी धुरजड होते आणि बैलांच्या मानेवर बसते. मागे गेला की उलाळ होते, आणि चढावर जू वर उचलले जाते. विमानाचेही तसेच. थोडे धुरजड विमान सुस्त उडते, पण उडते आणि उतरते. उलाळ विमान एकदाच उडते. म्हणून इंजिन निवडताना त्याचा जोर जितका पाहायचा तितकेच त्याचे वजन नाकावर कुठे येते हेही पाहायचे. आखूड नाकाच्या विमानाला हलके इंजिन लावले तर तोलासाठी पुढे शिसे भरावे लागते. शिसे वाहून न्यायचेच, तर तेवढ्या वजनाचे मोठे इंजिन काय वाईट?

आता इतिहास. १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या त्विलरी बागेत आल्फाँस पेनो या तरुणाने १६ ग्रॅम वजनाचे विमान उडवले. पीळ दिलेले रबर हे त्याचे इंजिन. सुमारे ११ सेकंद ते आपले आपण उडत राहिले. शेपटीचा जो आडवा पंख विमानाला स्थिर ठेवतो त्याचे काम पेनोने हिशेबाने ओळखले होते. आजही शाळेत मुलांकडून रबराचे विमान करून घ्यायचे तर ते पेनोचेच असते, मग त्याचे नाव कोणी घेवो न घेवो.

त्यानंतर सॅम्युएल लँग्ले. हे गृहस्थ खगोलशास्त्रज्ञ, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेचे मुख्य अधिकारी. त्यांनी पेनोच्या धर्तीवर रबराची तीसहून अधिक विमाने केली, मग वाफेकडे वळले. वाफेचे इंजिन म्हणजे बंब आला, पाणी आले, विस्तव आला. हे सारे उचलण्याइतके हलके करण्यात त्यांची कित्येक वर्षे गेली. पहिले काही प्रयत्न फसले. कुठे पंख वाकले, कुठे जोर पुरला नाही. अखेर ६ मे १८९६ रोजी पोटोमॅक नदीवर एका नावघरावर बसवलेल्या फेकयंत्रातून त्यांचे पाचव्या क्रमांकाचे विमान सुटले आणि सुमारे ३,३०० फूट गेले. पाणी संपून वाफ ओसरली तसे अलगद नदीवर उतरले. त्याच दिवशी ते पुन्हा उडवले. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल तिथे हजर होते, आणि त्यांनी त्याचे छायाचित्र घेतले.

या विमानाचे पंख चौदा फुटांच्या आत-बाहेर, वजन ११ किलोंच्या आसपास, इंजिन सुमारे एक अश्वशक्तीचे. म्हणजे आजच्या व्याख्येने ते ‘मोठे नमुना-विमान’च होते. त्याला वळवण्याची काही सोय नव्हती, इतकेच. हे आकडे लक्षात असू द्या. पुढे लागणार आहेत.

यशाने माणसाची भूक वाढते. अमेरिकेच्या युद्धखात्याने लँग्ले यांना माणूस नेणारे विमान करण्यासाठी १८९८ साली ५०,००० डॉलर मंजूर केले. त्यांनी आधी त्या विमानाची चौथाई प्रतिकृती केली. तिला पेट्रोलचे इंजिन बसवले आणि १९०१ साली ती उडालीही. पेट्रोलच्या जोरावर उडालेले ते पहिले विमान, आणि तेही माणसाविना! मग तेच चौपट मोठे केले. इथे खोक्याचे गणित आडवे आले. चौथाईत जी काठी पुरेशी ताठ होती, ती चौपट लांबीची केल्यावर आपल्याच भाराने लवू लागली. इंजिन मात्र उत्तम होते, ५२ अश्वशक्तीचे, त्या काळच्या मानाने नवलाचे हलके. ७ ऑक्टोबर १९०३ ला विमान फेकयंत्रातून सुटले ते सरळ नदीत गेले. ८ डिसेंबरला पुन्हा तेच, पंख मोडून. वैमानिक चार्ल्स मॅन्ली दोन्ही वेळा वाचला. लँग्ले यांनी दोष फेकयंत्राला दिला. पुढच्या अभ्यासकांनी बांधणीच्या अशक्तपणाकडेही बोट दाखवले आहे.

नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ ला, राइट बंधूंचे विमान उडाले. आता गंमत पाहा. माणसासकट दोन्ही विमानांचे वजन जवळजवळ सारखे, ३४० किलोंच्या आसपास. लँग्ले यांच्या विमानाला ५२ अश्वशक्ती, राइट बंधूंच्या विमानाला १२. ज्याच्याकडे चौपट जोर होता ते बुडाले. राइट बंधूंनी पंखांचे नमुने वाऱ्याच्या पेटीत ठेवून मोजले होते, फिरत्या पंख्याचे पाते हिशेबाने कोरले होते, आणि तोल हातात कसा ठेवायचा हे बिनइंजिनाच्या विमानावर शेकडो वेळा घसरत जाऊन शिकून घेतले होते. किती जोर लागेल हे त्यांना आधी माहीत होते. तेवढाच त्यांनी केला.

आता चौपाटीकडे येऊ. शिवकर बापूजी तळपदे हे मुंबईचे, पाठारे प्रभू समाजातले गृहस्थ. जे. जे. कला शाळेशी त्यांचा संबंध होता. संस्कृतची आवड होती आणि आपल्या प्राचीन ग्रंथांतून विमानविद्या काढता येईल, असा त्यांचा विश्वास होता. गोष्ट अशी सांगतात की १८९५ साली त्यांनी ‘मरुत्सखा’ नावाचे माणसाविना चालणारे विमान चौपाटीवर उडवले. ते १,५०० फूट उंच गेले आणि खाली पडले. पाहायला महाराज सयाजीराव गायकवाड आणि न्यायमूर्ती रानडे होते, इंजिन पाऱ्यावर चालत होते. या गोष्टीवर लेख निघाले, पुस्तके निघाली, २०१५ साली चित्रपटही निघाला. त्याच वर्षी जानेवारीत मुंबईला भरलेल्या विज्ञान परिषदेतही प्राचीन विमानांवर एक निबंध वाचला गेला आणि त्यावर मोठे वादळ उठले.

आपण भांडण बाजूला ठेवू आणि सुताराचे दोन प्रश्न विचारू. वजन किती? सांगता येत नाही. जोर किती? तेही सांगता येत नाही. पंखांची लांबी नाही, छायाचित्र नाही, विश्वास ठेवावा अशी त्या दिवसाची समकालीन नोंद संशोधकांच्या हाती आलेली नाही. लँग्ले यांच्या विमानाचे मात्र हे सारे आहे. विमानही जपून ठेवलेले आहे. दोन्ही घटना, गोष्ट खरी मानली तर, एका वर्षाच्या अंतरातल्या. एकीचा प्रत्येक आकडा आहे, दुसरीचा एकही नाही.

पाऱ्याचे तेवढे आपण स्वतः तपासू शकतो. एक लिटर पाणी एक किलो भरते. एक लिटर पारा साडेतेरा किलोंहून अधिक भरतो. म्हणजे लँग्ले यांचे अख्खे विमान, बंबासकट, पंखांसकट, जितके होते त्याहून एक लिटर पारा जड! तो उकळायला साडेतीनशे अंशांहून अधिक उष्णता हवी, आणि त्याची वाफ विषारी. ज्या कामात दहा ग्रॅमसाठी जीव टाकतात, त्यात कोणी पारा घेऊन बसेल का, हे ज्याने त्याने ठरवावे.

ज्या ‘वैमानिक शास्त्र’ ग्रंथाचा आधार या गोष्टीला देतात, तो पंडित सुब्बराय शास्त्री यांनी १९१८ ते १९२३ च्या दरम्यान सांगून लिहवला, म्हणजे चौपाटीच्या त्या वर्षानंतर वीस-पंचवीस वर्षांनी. बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधल्या पाच अभ्यासकांनी १९७४ साली हा ग्रंथ नीट तपासला. त्यातली विमाने उडण्याजोगी नाहीत, आणि ग्रंथही प्राचीन नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांच्या चौकशीत आणखी एक गोष्ट पुढे आली. तळपदे यांनी शास्त्रीबोवांच्या मार्गदर्शनाखाली काही नमुने करून पाहिले, पण त्यांतला एकही उडवण्यात त्यांना यश आले नाही.

मला त्या शेवटच्या वाक्यात तळपदे यांची नाचक्की वाटत नाही. मुंबईतला एक माणूस, हाताशी कारखाना नाही, ५०,००० डॉलर नाहीत, तरी लाकूड-कापड घेऊन बसतो आणि करून पाहतो. फसतो. लँग्लेही फसले होते, पैसा असून. आपण मात्र त्या करून पाहणाऱ्या माणसाला बाजूला सारून त्याच्या जागी एक चमत्कार बसवला. गुरुजींना मी हेच म्हणालो: मुलांना तळपदे जरूर सांगा. उडाले म्हणून मात्र सांगू नका, आणि लँग्ले यांचे आकडे शेजारी लिहून मुलांनाच तोलू द्या.

राइट बंधूंनंतर सगळ्यांचे लक्ष माणूस बसणाऱ्या विमानांकडे गेले. नमुने पोरांच्या हाती राहिले, रबरावर. १९३४ च्या सुमारास अमेरिकेत ‘ब्राउन ज्युनिअर’ नावाचे छोटे पेट्रोल इंजिन बाजारात आले. पोट १० घनसेंटिमीटर, म्हणजे १० सीसी, आणि जोर एक पंचमांश अश्वशक्ती. या इंजिनावर १९३७ साली वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ नावाचे विमान बिनतारी संदेशाने उडवले. बिनतारी चालवण्यात यश आलेले पहिले नमुना-विमान म्हणून ते ओळखले जाते. त्याचे पंख ८ फूट होते. एवढे मोठे कशासाठी? हौसेसाठी मुळीच नव्हे. त्या वेळचा बिनतारी संच काचेच्या नळ्यांचा, त्याला जड बॅटऱ्या. शिवाय इंजिनाच्या ठिणगीसाठी वेगळी बॅटरी आणि तारेचे वेटोळे. एवढे ओझे लहान विमान उचलेना, म्हणून विमानच मोठे करावे लागले. वजनाने आकार ठरवला.

मग वजन उतरत गेले. १९४७ साली रे आर्डन यांनी तापतारेचा प्लग बाजारात आणला. त्याला एकदा सुरू करताना वीज द्यायची. पुढे मेथिल अल्कोहोलाच्या ज्वलनाने त्यातली प्लॅटिनमची तार आपोआप लाल राहते. ठिणगीची बॅटरी गेली, वेटोळे गेले. या इंधनात वंगण म्हणून काय घालतात माहीत आहे? एरंडेल! आपल्या बांधावरच्या एरंडाचे तेल. ते अल्कोहोलात विरघळते आणि इतर तेले जळून जातील अशा उष्णतेतही धातूला चिकटून राहते. पहिल्या महायुद्धातल्या लढाऊ विमानांतही तेच होते. पुढे काचेच्या नळ्या जाऊन ट्रान्झिस्टर आले, संच तळहातावर मावू लागला, आणि विमाने लहान झाली.

लहान झाली खरी, पण वाऱ्यात चिलटासारखी भिरभिरू लागली. मोठे विमान हवेत शांत बसते, घारीसारखे. शिवाय खऱ्यासारखे दिसते. म्हणून १९७० नंतर हौशी लोक पुन्हा मोठ्याकडे वळले. मात्र मोठ्या इंजिनाला अल्कोहोल पाजणे परवडेना. तेव्हा त्यांनी लाकडे कापायच्या साखळी-करवतीचे पेट्रोल इंजिन काढले आणि विमानाच्या नाकावर बसवले. इंजिन दणकट, इंधन स्वस्त. त्रास दोन. एक, हादरा एवढा की खिळे-स्क्रू ढिले व्हावेत. दुसरा, ठिणगीची खरखर बिनतारी संचात शिरे. पावसाळ्यात वीज चमकली की आपल्या रेडिओत खरखर होते ना, तसेच. विमान वर असताना अशी खरखर झाली तर ऐकायचे काय, पाहायचेच. पुढे विद्युत्-यंत्रणा सुधारली, बिनतारी संचही असे आले की त्यांना ही खरखर फारशी बाधत नाही.

आज भात कापायला किंवा बांधावरचे गवत काढायला जे खांद्यावरचे यंत्र आपण वापरतो, त्याचे इंजिन याच भाऊबंदांतले. मोठ्या नमुना-विमानांत ५० सीसीचे इंजिन नेहमीचे आहे. पुण्याच्या कायनेटिक कंपनीने १९७२ साली जी ‘लुना’ काढली तीही ५० सीसीचीच. पेट्रोलपंपावर तिच्या टाकीत तेल मिसळून घेत असत ते ज्यांना आठवते, त्यांना हे इंजिन समजावून सांगायला नको. पेट्रोलमध्ये तेल, दोन ठोक्यांचे काम, झडपांचा व्याप नाही. फरक एवढा की विमानाचे इंजिन हलक्या धातूत घडवलेले, उघड्या वाऱ्यावर थंड होणारे, आणि साधारण पाच अश्वशक्ती देणारे असते.

आता विजेची मोटरही आली आहे. तिला हादरा नाही, धूर नाही, कळ फिरवली की चालू. लहान विमानांत तिने पेट्रोलला जवळजवळ हुसकून लावले. मोठ्यांत मात्र अजून नाही, आणि कारण पुन्हा तेच. एक किलो पेट्रोलात जितकी शक्ती साठलेली असते तिचा पन्नासावा हिस्साही एक किलो बॅटरीत नसतो. इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत उधळते आणि मोटर काटकसरी असते, हे धरूनही पेट्रोलच पुढे राहते. शिवाय पेट्रोल जळत जाते तसे विमान हलके होते. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड. फवारणीचे ड्रोन थोड्या थोड्या वेळाने बॅटरी बदलायला खाली का येतात, याचे उत्तर इथे आहे.

मोठेपणाची एक बाजू राहिली. पंधरा किलोचे विमान ताशी ८० किलोमीटर वेगाने आदळले तर तो मार सात-आठ मजली इमारतीवरून पडलेल्या पंधरा किलोच्या धोंड्याचा असतो. म्हणून कायदा वजन विचारतो. आपल्या देशात २०२१ सालच्या ड्रोन नियमांत शिक्षण, संशोधन वा हौसेसाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडवायचे ‘नमुना’ विमान कोणते, तर भरलेले वजन २५ किलोंहून अधिक नसलेले, असे म्हटले आहे. आपल्या पस मॉथकडे परत या. चौथाई केला तर साडेचौदा किलो, कायद्यात बसतो. तिहाई केला, तर पंख पावणेचार मीटरांचे होतात आणि वजन सत्ताविसावा भाग, म्हणजे चौतीस किलोंच्या वर. चौथाई आणि तिहाईत बोलताना फार अंतर वाटत नाही, पण तराजूवर ते दुपटीहून जास्त आहे.

आणि पनवेलकरांसाठी शेवटचे. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून प्रवासी विमाने सुरू झाली. उलव्याची टेकडी कापली गेली, दहा गावे उठली. त्याबरोबर डोक्यावरचे आकाशही बदलले, याची मात्र फारशी चर्चा झाली नाही. त्याच नियमांप्रमाणे चालू विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंतच परवानगीशिवाय उडवता येते. त्याहून जवळ असाल तर आधी परवानगी. पनवेल शहर या आतल्या वर्तुळात येते. तेव्हा शाळेच्या मैदानावर मुलांना इंजिनाचे विमान उडवून दाखवायचे असेल, तर सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ नकाशावर आपले गाव कोणत्या रंगात आहे ते आधी पाहावे, आणि लागल्यास कर्जत-पालीच्या बाजूचे मोकळे शिवार शोधावे. पेनोचे रबराचे विमान मात्र वर्गातसुद्धा उडते. सोळा ग्रॅम. किराणा दुकानातल्या काट्यावर ठेवले तर काटा हलतो न हलतो, पण सोनाराच्या काट्यावर ते नीट मोजता येते, आणि मोजावे.